कानापुढचा सांधा

हुरड्याच्या दिवसांत परभणीकडच्या एखाद्या शेतात आगटीभोवती बसलात, तर चावता चावता कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून पाहा. बोटाखाली काहीतरी वळवळतं, आणि तोंड मोठं उघडलं की तिथं चक्क खळगा पडतो. हा जबड्याचा सांधा. कवटीची हाडं 22, पण मोठ्या माणसात ती जवळजवळ सगळी एकमेकांत पक्की गुंतलेली असतात. मोकळा हलतो तो एकटा खालचा जबडा.

या सांध्याला बिजागरी समजतात, पण ते अर्धंच खरं. तोंड थोडं उघडेपर्यंत जबड्याचं गोल टोक जागच्या जागी फिरतं. त्याहून मोठा आ वासला की तेच टोक आपली खाच सोडून पुढच्या उंचवट्यावर घसरत येतं. मघाचा खळगा पडतो तो यामुळेच. टोक आणि खाच यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. तिच्या खालच्या बाजूला फिरणं चालतं, वरच्या बाजूला घसरणं. चकतीचा मधला भाग पातळ, त्यात ना रक्तवाहिन्या ना नसा, म्हणून चावण्याचा दाब तो मुकाट सोसतो. दुखरी जागा तिच्या मागे आहे. तिथल्या मऊ भागात नसा दाटलेल्या असतात. चकती पुढे सरकलेली असली, तर तोंड उघडताना टोक पुन्हा तिच्याखाली शिरतं आणि ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर सहसा काही करावं लागत नाही.

“डॉक्टर, कान ठणकायलाय,” म्हणून आलेल्या माणसाचा कान कधी कधी अगदी स्वच्छ निघतो. या सांध्याला आणि कानाच्या काही भागाला एकच नस जाते, त्यामुळे मेंदूची गफलत होते. कानशील दुखण्याचंही तसंच आहे. चावण्याचा एक मोठा स्नायू पंख्यासारखा तिथंच पसरलाय, आणि झोपेत दात खाणाऱ्याचा तो रात्रभर राबतो.

जांभई देताना जबडा निखळतो तेव्हा टोक उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकतं. स्नायू आवळतात, तोंड उघडं ते उघडंच. डॉक्टर अंगठ्यांना कापड गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवतात आणि जबडा आधी खाली, मग मागे ढकलतात. कापड कशाला? सांधा बसताच तोंड खाड्कन मिटतं, आणि अंगठे आत असतात! घरी कुणी हा प्रयोग करू नये.

तोंड उघडेनासं झालं की दोष सांध्याचाच, असं मात्र नाही. बीड, लातूर, नांदेड, कुठल्याही एसटी स्टँडवर गालात पुडी दाबलेली पोरं दिसतात. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, तरी पुड्या मिळतातच. त्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली राठ तंतू साचत जातात. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल ताणेनासा होतो. सांधा बिचारा धड असतो, पण बोकाणा भरणं दूर, भाकरीचा साधा घासही तोंडात जाईना होतो. सुपारी सोडली तरी साचलेले तंतू सहसा विरत नाहीत, आणि या दुखण्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो.

आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती साधारणपणे मावतात. दोनच मावत असतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा, आणि गेल्यावर खिशातली पुडी लपवू नका.