सिमला, वॉशिंग्टन आणि गोल्डन : बेळगावच्या बाजारातील सफरचंदांची पार्श्वभूमी

बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत सफरचंदांच्या गाड्यावर चौकशी केली, तर विक्रेता फळाची जात सांगत नाही, मुलूख सांगतो. ‘सिमला’, ‘काश्मीर’, ‘किन्नौर’, ‘इराण’, ‘वॉशिंग्टन’ अशी ही नावे असतात आणि गिऱ्हाईकही त्याच नावांनी भाव विचारते. कापून खायचे असेल तोवर यामुळे फारसे अडत नाही, कारण फळ हातात घेऊन, दाबून, वास घेऊन पारखता येते. मात्र घरोघरी ओव्हन आले, नाताळच्या दिवसांतली केकची हौस कॅम्पातल्या बेकऱ्यांपुरती उरली नाही, आणि ‘भाजायला कोणते घ्यावे’ या प्रश्नाला मुलखाचे नाव हे उत्तर अपुरे पडू लागले. उष्णता लागल्यावर फोड टिकेल की तिचा लगदा होईल, हे मुख्यतः जातीवर ठरते.

काश्मीरची अंबरी वगळली, तर आपल्या बाजारातल्या बहुतेक जाती मूळच्या बाहेरच्या आहेत. १८७० च्या सुमारास एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कुलूच्या खोऱ्यात बाग लावली आणि त्यानंतरच्या बागांमध्ये इंग्लंडातल्या पिपिन वर्गाच्या आंबटसर जातींचा भरणा होता. इंग्लंडात खाण्याचे सफरचंद वेगळे आणि शिजवण्याचे वेगळे, असा भेद स्वयंपाकघरात पक्का आहे. तिथली ब्रॅम्ली ही जात शिजवण्यासाठीच ओळखली जाते. पुढे १९१६ च्या सुमारास सिमल्यापलीकडच्या कोटगढ भागात, अमेरिकेहून येऊन स्थायिक झालेल्या एका गृहस्थाने डेलिशसची कलमे लावली. इंग्रजी आंबट फळ इथल्या जिभेला रुचत नव्हते, हे गोड फळ रुचले, आणि काही दशकांत हिमाचलच्या बागा डेलिशसने भरल्या. डोंगरातल्या शेतकऱ्याला या निर्णयाने स्थैर्य मिळाले, यात वाद नाही. पण त्याच निर्णयाने शिजवण्याजोगे फळ बाजारातून हळूहळू बाहेर गेले, ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

डेलिशस ही जात अमेरिकेतील आयोवा राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोआप उगवलेल्या रोपातून आली. तिचे मूळ फळ आजच्यासारखे गडद लाल नव्हते. पिवळसर सालीवर तांबडे पट्टे असत. पुढे जी फांदी अधिक लाल फळ देईल तिचीच कलमे करण्याचा प्रघात पडला. रंग वाढत गेला, साल जाड होत गेली, आणि चवीकडे दुर्लक्ष झाले. आपल्याकडे रॉयल डेलिशस, रिच-ए-रेड ही याच कुळातली नावे आहेत. ‘सिमला’ म्हणून मिळणारे फळ बहुतेक वेळा रॉयल डेलिशस असते, आणि ‘काश्मीर’ म्हणून मिळणारेही पुष्कळदा डेलिशसच असते. म्हणजे गाड्यावर दोन मुलूख दिसतात, पण जात एकच असते.

सर्वांत मोठा गुंता ‘वॉशिंग्टन’ या नावाचा आहे. १९९९ पासून सफरचंदांची आयात खुली झाली, आयातशुल्क पुढे ५० टक्क्यांवर स्थिरावले, आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले लालभडक, मेण लावलेले, स्टिकर चिकटवलेले रेड डेलिशस आपल्याकडे आले. रुग्णाला भेटायला जाताना न्यायचे, पूजेच्या पाच फळांत ठेवायचे, ते हेच फळ अशी प्रतिष्ठा त्याला लाभली. त्याच काळात चीनहून फुजी या जातीचे फळ येई आणि त्याला ‘चायना’ म्हणत. २०१७ मध्ये किडीच्या कारणावरून ती आयात बंद झाली. जून २०१९ मध्ये अमेरिकेने पोलाद व ॲल्युमिनियमवर लावलेल्या शुल्काला प्रत्युत्तर म्हणून भारताने अमेरिकी सफरचंदांवर २० टक्के जादा शुल्क बसवले. एकूण भार ७० टक्के झाला आणि तिकडचा माल झपाट्याने घटला. तुर्कस्तान, इराण, इटली यांनी ती जागा भरून काढली. हे जादा शुल्क सप्टेंबर २०२३ मध्ये मागे घेतले गेले. त्याआधी, मे २०२३ मध्ये, किलोमागे ५० रुपयांहून स्वस्त पडणाऱ्या सफरचंदांच्या आयातीला मनाई झाली. भूतानला मात्र तीतून वगळण्यात आले. या चार वर्षांत वॉशिंग्टनचे फळ दुर्मिळ झाले, पण ‘वॉशिंग्टन’ हा शब्द गाड्यावरून हलला नाही. लाल, चकचकीत आणि स्टिकर लावलेले जे काही असेल ते वॉशिंग्टन, असा त्याचा अर्थ झाला.

या गोंधळात स्टिकरवरचा चार आकडी क्रमांक उपयोगी पडतो, कारण तो देशाचा नसून जातीचा असतो. ४०१६ म्हणजे मोठे रेड डेलिशस, ४०१७ म्हणजे मोठे हिरवे ग्रॅनी स्मिथ, ४०२० म्हणजे गोल्डन डेलिशस, ४१३१ म्हणजे फुजी, ४१७४ म्हणजे रॉयल गाला. नुसते चित्र आणि इंग्रजी नाव असलेल्या स्टिकरवर विसंबू नये.

फळाच्या मराठी नावातही असाच गुंता दिसतो. बेळगावात एकाच गाड्यावर सेबु, सेब, ॲपल आणि सफरचंद हे चारही शब्द ऐकू येतात. त्यांतले सफरचंद आणि गुजरातीतले सफरजन ही एकाच घरची नावे दिसतात, आणि त्यांच्याशी मिळताजुळता अरबी शब्द सफरजल हा मात्र सफरचंदाचा नव्हे, तर क्विन्स या वेगळ्या फळाचा आहे, ज्याच्या बिया काष्ठौषधींच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात. ते फळ कच्चे असताना कठीण आणि तुरट असते, म्हणून सहसा शिजवूनच खातात.

मागच्या डिसेंबरात घरी एक साधी पडताळणी केली. कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर केकचे भांडे ठेवले आणि पिठात तीन जातींच्या सारख्या जाडीच्या फोडी तीन बाजूंना रोवल्या. लाल डेलिशसची फोड चमचा लागताच विरघळली; चव उकडलेल्या भोपळ्याच्या जवळची, आणि साल मात्र दाताखाली चिवट. ग्रॅनी स्मिथची फोड कडेपर्यंत शाबूत होती, पण तिच्या भोवती साखर कमी पडली. गोल्डनची फोड कडेने मऊ पडूनही आकार राखून होती आणि तिला वेगळी साखर लागली नाही. डेलिशसमध्ये आम्ल मुळातच कमी असते, त्यामुळे भाजल्यावर नुसता गोडवा उरतो; शिवाय ते साठवणीत लवकर पिठूळ होते, आणि पिठूळ फळ ओव्हनमध्ये काही करून सुधारत नाही. फुजी आणि गाला करकरीत व रसाळ असल्याने ताजी खायला उत्तम, पण आंबटपणा बेताचा असल्याने भाजण्यात ती मागे पडतात.

विशेष म्हणजे हिमाचलात गोल्डन डेलिशस लावले गेले ते बरेचसे परागणासाठी. डेलिशसला फळ धरण्यासाठी जवळ दुसऱ्या जातीचे झाड लागते, म्हणून बागेत मध्ये मध्ये गोल्डन लावण्याची पद्धत पडली. रंग पिवळा म्हणून त्याला भाव कमी मिळतो आणि गाड्यावर ते मागच्या पेटीत पडून असते. गणपतीच्या आसपास सिमल्याचा माल येतो तेव्हा हे गोल्डन ताजे, आंबटगोड आणि घट्ट असते; फेब्रुवारी उलटला की शीतगृहातल्या फळाचा आंबटपणा उतरतो आणि पिठात लिंबू पिळावे लागते.

अलीकडे दख्खनच्या पठारावरही कमी थंडीत फळणाऱ्या जातींची झाडे लागली आहेत. डेलिशसला हिवाळ्यात हजार तासांहून अधिक थंडी लागते, जी बेळगावला कधीच मिळत नाही. हिमाचलच्या बिलासपूरची एचआरएमएन-९९, इस्रायलची ॲना आणि बहामाजची डॉर्सेट गोल्डन यांना त्याच्या कितीतरी कमी पुरते. यांतली ॲना गोल्डन डेलिशसच्याच संकरातून आलेली आहे, तिच्यात आंबटपणा आहे, आणि शीतगृहातले गोल्डन मऊ पडते त्या उन्हाळ्यातच तिचे फळ तयार होते. मात्र अशी फळे गाड्यावर आली की ती ‘गावठी’ या एकाच नावाने विकली जातात, आणि त्यांतली ॲना कोणती हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही.