महासाथ आणि शल्यप्रशिक्षण

कोविड-१९ च्या महासाथीत (२०२०–२२) नवे शल्यचिकित्सक निवडण्याची आणि घडवण्याची घडी अनेक देशांत विस्कटली. मार्च २०२० पासून पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया थांबल्या. पहिल्या लाटेच्या ऐन भराच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा कोविडसर्ज या संशोधकगटाचा अंदाज होता.

सर्वाधिक नुकसान कनिष्ठ निवासी डॉक्टरांचे, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या रेसिडेंटांचे झाले. हर्निया, हायड्रोसील, पित्ताशय, चरबीची गाठ यांवर हात बसतो, आणि नेमक्या याच शस्त्रक्रिया लांबवता येतात. आतड्याला पडलेले छिद्र, अपघात, कर्करोग यांचे काम थांबले नाही. पण संसर्गाच्या धास्तीने ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) माणसे मोजकी आणि घाई मोठी, त्यामुळे वरिष्ठच शस्त्रक्रिया उरकत. रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारे हत्यार) धरून पाहत शिकणाऱ्या दुसऱ्या सहायकाची जागा सगळ्यांत आधी गेली. पोटात भरलेल्या वायूतून विषाणू पसरेल या शंकेने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियाही सुरुवातीला टाळल्या गेल्या. अनेक रेसिडेंट कोविड वॉर्डात होते. तिथे ते ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर सांभाळायला शिकले. गाठी मारायचा सराव मात्र तुटला.

पर्याय म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाचे बॉक्स ट्रेनर घरी आले: खोका, वरून मोबाइलचा कॅमेरा, दोन लांब हत्यारे. खुंट्यांवरच्या रिंगा एका हातातून दुसऱ्या हातात देणे, जाळीच्या कापडावरचे वर्तुळ कापणे, आत टाका घालून गाठ मारणे हे यात चांगले जमते. पण खोक्यातून रक्त येत नाही. ऊती किती ताणली की फाटते, चिकटलेले थर कुठून सुटतात, हे त्यात कळत नाही. रोज थोडा सराव करून हत्यारांची सवय टिकते, एवढाच त्याचा खरा उपयोग.

नियमही सैल करावे लागले. शल्यचिकित्सकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने प्रशिक्षणातल्या ८५० शस्त्रक्रियांच्या अटीत १० टक्के सूट दिली. याच बोर्डाची घरबसल्या घेतलेली लेखी परीक्षा जुलै २०२० मध्ये तांत्रिक अडचणींमुळे पहिल्याच दिवशी कोलमडली. ब्रिटनमध्ये वार्षिक मूल्यमापनात दोन नवे शेरे आले: १०.१ म्हणजे कमतरता महासाथीमुळे, पुढे जाऊ द्या, १०.२ म्हणजे प्रशिक्षणाचा काळ वाढवा.

निवडीत प्रत्यक्ष भेट गेली. अमेरिकेत मुलाखती ऑनलाइन झाल्या आणि परक्या रुग्णालयात महिनाभर काम करून स्वतःला दाखवण्याची संधी आटली. प्रवासखर्च वाचला, हा उमेदवारांचा फायदा. पण थकलेला उमेदवार रात्री तीन वाजता परिचारिकेशी कसा बोलतो, हे पडद्यावर दिसत नाही.

भारतात निवड नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होते, मुलाखत नसते. म्हणून इथे फटका वेळापत्रकाला बसला. १८ एप्रिल २०२१ ची परीक्षा ११ सप्टेंबरला झाली. पुढे आरक्षणाच्या न्यायालयीन वादात समुपदेशन (गुणांनुसार जागावाटप) जानेवारी २०२२ पर्यंत अडले. तोवर तीन वर्षांच्या तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांवर होते. पहिल्या वर्षाचे रेसिडेंट आलेच नाहीत, त्यामुळे नमुने घेणे, ड्रेसिंग, कागदपत्रे हे सारे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटांकडेच राहिले. शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्या तेव्हाही त्यांना ओटीत जायला सवड नव्हती.