सातवीतच करिअर ठरवायचं?

“सातवी-आठवीतच करिअर ठरवा, नाहीतर चांगलं कॉलेज विसरा” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि पोराची काळजी असली की पटतोही. पण कुठल्याही कॉलेजचे अ‍ॅडमिशनचे नियम उघडून बघा, तिथे सहसा शाळेच्या शेवटच्या वर्षांचे मार्क किंवा प्रवेश परीक्षा मागतात, सातवीचं प्रगतिपुस्तक कोणी बघत नाही.

मग सातवी फुकट का? अजिबात नाही, कारण पुढचं बीजगणित अपूर्णांकांवरच उभं राहतं. मुलाला सहज विचारा, ३/८ मोठा की २/५, आणि का? आकडे मोठे म्हणून ३/८ म्हणाला तर क्लास शोधण्याआधी कागदाच्या पट्ट्या घेऊन बसा, एकीचे आठ भाग, दुसरीचे पाच (पाच सारखे पाडताना आपलीच परीक्षा होते).