कोरचाक यांच्या मृत्यूची तारीख आणि कोर्टात गेलेली भानगड

यानुश कोरचाक म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतले, म्हणजे वॉर्साच्या घेट्टोतले ते डॉक्टर, ज्यांनी अनाथाश्रमातल्या मुलांना सोडून स्वतःचा जीव वाचवायला नकार दिला आणि मुलांसोबत त्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीच्या गाडीत चढले, इतकं बहुतेकांना माहीत असतं. तो प्रसंग इतक्यांनी इतक्या वेळा रंगवलाय की त्यात मी आणखी भर घालत नाही. (पोलंड आणि निराधार मुलं म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरजवळची वळिवड्याची युद्धकाळातली पोलिश छावणी आठवते, पण तिथे आले ते सोव्हिएत रशियातून सुटलेले निर्वासित, ती गोष्ट पूर्ण वेगळी.)

या माणसाच्या कागदपत्रांचं नशीबच वाकडं. जन्म १८७८ चा की १८७९ चा हे नक्की नाही, कारण वकील असलेल्या वडिलांनी नोंदच वेळेवर केली नाही. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट, कोरचाक हे लेखनासाठी घेतलेलं नाव. मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काही वर्षं डॉक्टरकी केली आणि १९१२ ला क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांचा आश्रम सुरू झाला, तिथून पुढचं आयुष्य मुख्यतः त्या आश्रमासाठीच. रोजचा कारभार एका सहकारी बाईंनी सांभाळला, त्याही मुलांबरोबरच गेल्या आणि त्यांचं नाव मात्र तळटीपेत राहतं, असो.

आश्रमात मुलांचं कोर्ट होतं. त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडायचे. कायद्याचं पुस्तक कोरचाकांनीच लिहिलेलं, त्यातली पहिली ९९ कलमं म्हणजे माफ करायच्या नाहीतर खटला सोडून द्यायच्या वेगवेगळ्या तऱ्हा, खरा दोष १०० व्या कलमापासून, आणि १००० वं कलम म्हणजे आश्रमातून हकालपट्टी. एकदा सहा महिन्यांत पाच वेळा त्यांनी स्वतःवरच तक्रार नोंदवली: एका मुलाच्या कानाखाली वाजवली म्हणून, एकाला झोपायच्या खोलीतून हाकललं म्हणून, एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून, न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. शाळा काढणाऱ्यांनी हा भाग वाचावा.

१९२४ मध्ये जिनिव्हात मुलांच्या हक्कांचा पाच कलमी जाहीरनामा आला. कोरचाकांना तो पटला नाही, त्यांचं म्हणणं की यात हक्क कुठेत, ही तर मोठ्यांची कर्तव्यं, आणि सूर मागणीचा नसून विनंतीचा. १९२९ च्या पुस्तकात त्यांनी हे स्पष्ट लिहिलंय. आता १९८९ च्या युनोच्या बालहक्क कराराचे ते जनक असं सरसकट म्हटलं जातं, ते मला जरा ओढूनताणून वाटतं. प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडने मांडला हे खरं, पण पोलंडचा पहिला मसुदा म्हणजे १९५९ चा जुना जाहीरनामाच थोडाफार फिरवून दिलेला होता, त्यावर हरकती आल्या, मग नवा मसुदा आणि पुढे दहाएक वर्षं कमिट्यांची चर्चा. भारताने त्यावर १९९२ ला मान्यता दिली.

आश्रम घेट्टोत हलवताना मुलांचे बटाटे भरलेली गाडी पहारेकऱ्यांनी काढून घेतली, तर कोरचाक जुना पोलिश लष्करी युनिफॉर्म घालून, ज्यूंसाठी सक्तीची असलेली दंडपट्टी न बांधता, तक्रार करायला गेले आणि थेट तुरुंगात. १८ जुलै १९४२ ला मुलांनी टागोरांचं 'डाकघर' हे नाटक केलं. पंधरा-वीस दिवसांत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे २०० मुलं आणि मोठी माणसं स्टेशनकडे नेली गेली. कुणी ५ ऑगस्ट लिहितं, कुणी ६.

आता भानगड. युद्धानंतर पोलंडमध्ये लाखो माणसांचे मृत्यूचे दाखलेच नव्हते, म्हणून कायद्याने सोय केली की बेपत्ता माणसाची नक्की तारीख सिद्ध झाली नाही तर एक ठरावीक तारीख धरायची. १९५४ मध्ये लुब्लिनच्या कोर्टाने कोरचाकांसाठी तीच धरली, ९ मे १९४६. म्हणजे युद्ध संपून बरोबर एक वर्ष, आणि त्रेब्लिंकानंतर जवळपास चार वर्षं हा माणूस कागदावर जिवंत! वाईट हेतू नव्हता, कारकुनी सोय होती, आणि कित्येक वर्षं कुणाला त्याचा त्रासही झाला नाही.

त्रास झाला तो कॉपीराइटमुळे. लेखक गेल्यावर ७० वर्षं हक्क राहतात आणि ते वर्ष संपेपर्यंत मोजतात, म्हणजे १९४२ धरलं तर १ जानेवारी २०१३ पासून पुस्तकं सगळ्यांची, आणि १९४६ धरलं तर २०१७ पासून. बायको-मुलं नव्हतीच, हक्क एका सरकारी संस्थेकडे. पुस्तकं नेटवर फुकट ठेवणाऱ्या एका संस्थेने तारीख बदलून मागितली. गंमत म्हणजे २०१२ हे वर्ष पोलिश संसदेनेच कोरचाक वर्ष म्हणून जाहीर केलेलं, त्यांच्या मृत्यूला ७० वर्षं झाली म्हणून! म्हणजे समारंभाला १९४२ आणि हक्क सांगायला १९४६. सरकारी संस्थेची बाजू अशी की कोर्टाचा निकाल आहे तोवर आम्ही दुसरी तारीख धरणार कशी, आणि कायद्याने ते चूक नाही, पण मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं चार वर्षं जास्त कुलपात ठेवायला हा आधार फारच लंगडा होता असं माझं मत.

शेवटी २०१५ मध्ये लुब्लिनच्याच कोर्टाने तारीख बदलून ७ ऑगस्ट १९४२ केली. पण निकाल आला तेव्हा जुन्या हिशोबानेसुद्धा हक्क संपायला दोनेक वर्षंच उरली होती.