रूळ आहेत, पण शहरासाठी नाहीत

गोव्यात मेट्रो किंवा लाइट रेलचा, म्हणजे शहरातल्या हलक्या रेल्वेचा, विषय निघाला की ‘एवढ्याशा राज्याला कशाला?’ असा प्रश्न हमखास येतो. पण इथे रूळ नवे नाहीत. ते कधीच शहरातल्या माणसासाठी टाकले गेले नाहीत, ही खरी अडचण.

पहिली रेल्वे 1878च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून आली. मुरगाव बंदर घाटावरच्या मुलखाला जोडायचं होतं. 1887-88च्या सुमारास मीटर गेज गाडी मडगाव, सावर्डे, कुळे करत दूधसागरावरून कॅसलरॉकला चढू लागली. राजधानी पणजी या मार्गावर नव्हतीच. पुढे 1955मध्ये भारताने नाकेबंदी केली आणि ही वाहतूक मुक्तीपर्यंत तुटली.

कोकण रेल्वेच्या वेळीही पणजी बाजूलाच राहिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेती) आणि जुन्या वस्त्यांवरून मार्ग नेण्याला कडाडून विरोध झाला. खाजनात मानस नावाच्या झडपांनी भरती-ओहोटीचं पाणी सांभाळतात. त्यात भराव घातला की शेती बुडते, हे शेतकऱ्याला इंजिनिअरने सांगावं लागत नाही. रेल्वे 1998मध्ये सुरू झाली. पणजीकर मात्र आजही गाडी धरायला करमळीला जातो.

शहरी वाहतुकीसाठी म्हणून गोव्यात खरोखर उभं राहिलं ते एकच, स्कायबस. कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बी. राजाराम यांची ही कल्पना. रस्त्याच्या मधोमध खांब, वर रूळ आणि डबे खाली लटकलेले. जमीन कमी लागणार होती, त्यामुळे अरुंद रस्त्यांच्या गावांना ती पटण्यासारखी होती. मडगावात सुमारे 1.6 किलोमीटरचा चाचणी मार्ग बांधला. सप्टेंबर 2004मध्ये चाचणीत डबा खांबावर आदळला, एकाचा जीव गेला, आणि योजना तिथेच अडकली. ओस पडलेले खांब वर्षानुवर्षं मडगावकरांच्या टिंगलीचा विषय झाले. शेवटी तेही हटवले.

त्यानंतर रुळांवरचा विश्वास आणखी उडाला तो मुरगावच्या मार्गाच्या दुपदरीकरणामुळे. हा दुसरा रूळ बंदरातला कोळसा नेण्यासाठीच, असं विरोधकांचं म्हणणं. ‘गोंयांत कोळसो नाका’ (गोव्यात कोळसा नको) म्हणत 2020मध्ये दक्षिण गोव्यातल्या चांदरला लोक रात्री रुळांवर उतरले. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट ते कुळे या घाटातल्या पट्ट्याच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

पणजी-मडगाव प्रवासाचा भार आजही कदंब या सरकारी बससेवेच्या शटलवर आहे. आधी खिडकीवर तिकीट, मग रांग, मग बस. उतरल्यावर घरापर्यंत पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. लाइट रेलचा कोणताही आराखडा या दोघांशी जुळवून घेतल्याशिवाय पुढे सरकणार नाही.