रस्टी पॅच्ड बंबलबी आणि सलीम अली वटवाघूळ

पहिली उत्तर अमेरिकेतील, मधमाशीच्या कुळातली केसाळ माशी; दुसरे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील फळे खाणारे वटवाघूळ. दोन्ही जाती संकटग्रस्त आहेत. ठाण्यात यांतली एकही आढळत नाही. त्यांचे भाऊबंद मात्र रोज भेटतात.

सोसायटीतल्या बदामाखाली सकाळी कुरतडलेली फळे पडतात, गाडीच्या टपावर डाग दिसतात. हे बहुधा आखूडनाक्या वटवाघळाचे काम. त्याच्यामुळेच सलीम अली वटवाघूळ चोवीस वर्षे लपून राहिले. 1948 मध्ये मदुराईकडच्या हाय वेव्ही डोंगरात मिळालेला नमुना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आखूडनाक्याच्या नावावर पडून होता. थाई प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी तो पुन्हा पाहिला. शेपूट नाही, आणि पटाशीच्या दातांची वर-खाली एकेकच जोडी! 1972 मध्ये ती नुसती नवी जाती (species) नव्हे, नवी प्रजातीच (genus) ठरली. त्याच वर्षीच्या वन्यजीव कायद्यात पुढे तिला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण मिळाले. बाकीची फळखाऊ वटवाघळे मात्र उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होती. ती यादी 2022 च्या दुरुस्तीने गेली.

बाल्कनीतला बांबू पोखरणाऱ्या काळ्यानिळ्या भुंग्याला ठाणेकर सर्रास बंबलबी म्हणतात. तो लाकूडभुंगा; भारतातल्या बंबलबी मुख्यतः हिमालयात. एक कसब दोघांकडेही आहे. वांग्याच्या फुलाला घट्ट धरून ते पंख न फडकवता छातीचे स्नायू थरथरवतात आणि परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग पिठासारखा अंगावर झडतो. सातेरी किंवा आग्या मधमाशीला हे जमत नाही.

सुरुवातीच्या दोन जातींच्या ऱ्हासाची गोष्ट मात्र वेगवेगळी. वटवाघूळ मुळातच थोड्या डोंगरांपुरते: सदाहरित रान, कॉफी-वेलदोड्याचे मळे, दिवसा गुहा. रस्टी पॅच्ड बंबलबी एकेकाळी अमेरिकेच्या 28 राज्यांत सर्रास दिसे; 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून रोग, कीटकनाशके आणि फुलांची माळराने नांगरली जाणे यांमुळे ती झपाट्याने घटली. 2017 मध्ये तिला तिथल्या कायद्याने संकटग्रस्त ठरवले. तिची वसाहत एका हंगामाची असते. हिवाळा फक्त नव्या राण्या जमिनीत काढतात, आणि वसंतात एकेक राणी, बहुधा उंदराच्या जुन्या बिळात, एकटीने घर मांडते. त्या दिवसांत ती फवारणीत सापडली, तर पुढच्या शेकडो कामकरी माशा जन्मालाच येत नाहीत.