ई.टी. खड्ड्यात का पडतो?

सर्वांत वाईट व्हिडिओ गेम कोणता, असं विचारलं की गेली अनेक वर्षं एक उत्तर ठरलेलं आहे: अटारी कंपनीच्या ‘२६००’ या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरचा ‘ई.टी.’. असं सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो खेळलेला नसतो. ऐकीव माहितीवर शिक्का मारायचा आणि पुढे जायचं, ही गेमसमीक्षेची जुनी खोड आहे आणि तिचं मूळ शोधायला १९८२ सालात जावं लागतं.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस अटारीची मालक कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्स हिने परग्रहावरून आलेल्या ई.टी.वरच्या स्पीलबर्गच्या सिनेमावर गेम काढायचे हक्क मिळवले. त्यांची किंमत दोन कोटी डॉलरच्या वर सांगितली जाते. नाताळचा बाजार गाठायचा तर १ सप्टेंबरला गेम तयार हवा होता, म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागायचे. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरने ते अंगावर घेतलं. त्याआधीचा त्याचा ‘यार्स रिव्हेंज’ चांगला चालला होता, त्यामुळे तो काही नवशिका नव्हता. यंत्राची स्मृती १२८ बाइट आणि अख्खा गेम ८ किलोबाइटचा. हा लेख साठवायलाही त्याहून जास्त जागा लागेल.

चक्रव्यूहात ठिपके खात फिरायच्या पॅक-मॅनसारखं काहीतरी करावं, असं स्पीलबर्गने सुचवलं होतं. वॉरशॉने ते केलं नाही. एखाद्या घनाच्या सहा बाजूंसारखे एकमेकांना जोडलेले सहा पडदे त्याने रचले. ई.टी.ला घरी संपर्क साधायला लागणाऱ्या टेलिफोनचे तीन तुकडे त्यांतल्या खड्ड्यांत दडवले, मागे एक शास्त्रज्ञ आणि एक एफबीआयचा माणूस लावला. कल्पना तोकडी नव्हती. घात केला तो खड्ड्यांनी. ई.टी. बाजूने पाहिल्यासारखा काढलाय आणि खड्डे वरून पाहिल्यासारखे. त्यामुळे पाय जमिनीवर असले, तरी डोक्याचा एखादा ठिपका खड्ड्याच्या चित्राला शिवला की यंत्राच्या हिशेबी तो पडला. मान लांबवून कसाबसा वर यावं, तर काठावर पुन्हा तोल गेलाच!

दहा वेळा पडल्यावर खेळणारा वैतागतो आणि ते रास्तच आहे. समीक्षकाने मात्र अकराव्यांदा पडून पाहावं, कारण तेव्हा लक्षात येतं की इथे प्रतिभा कमी पडलेली नाही. चाचपणीचा वेळ कमी पडलाय. खेळून पाहून सैल-घट्ट करण्याचं काम सर्वांत शेवटी येतं आणि वेळापत्रक आवळलं की सर्वांत आधी तेच जातं.

कंपनीने या गेमची सुमारे ४० लाख कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायच्या कॅसेट, काढली. बरीचशी पडून राहिली किंवा परत आली. १९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला, सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत माल पुरला गेला आणि सगळं खापर ई.टी.वर फुटलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिथे खोदकाम झालं, तेव्हा ‘सेंटिपीड’सारखे गाजलेले गेमही त्याच ढिगाऱ्यातून निघाले. बाजार कोसळला होता तो सुमार मालाच्या पुरामुळे आणि मागणीचा हिशेब न करता केलेल्या उत्पादनामुळे.

त्या काळची गेमसमीक्षा मुख्यतः गिऱ्हाइकासाठी होती: पैसे घालावेत की नाही, एवढंच सांगायचं. वाईट गेमला त्यात एक ओळ पुरायची.

जपानमध्ये वेगळं घडलं. तिथे ऐंशीच्या दशकात वाईट गेमसाठी ‘कुसोगे’ हा शब्द रुळला. त्यातल्या ‘कुसो’चा अर्थ विष्ठा, पण उच्चारात तिरस्काराइतकाच जिव्हाळाही. १९८६ साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रावर विनोदवीर ताकेशी कितानोच्या नावाचा एक गेम आला. त्यात दुसऱ्या कंट्रोलरच्या माइकमध्ये गाणं म्हणावं लागे आणि एके ठिकाणी तासभर काहीच न करता थांबावं लागे. हा वाईटपणा घाईतून आलेला नव्हता. खेळणाऱ्याची मुद्दाम केलेली थट्टा होती. ई.टी.ला आणि याला एकाच मापाने मोजणारा समीक्षक फसणारच. (याच फॅमिकॉमच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला लागल्या. कॅसेटवर हजारो गेमचा आकडा आणि आत तेच दहा-बारा, फिरून फिरून. परीक्षण कुठे वाचायला मिळणार? मे महिन्याच्या सुट्टीभर खेळूनच काय ते ठरायचं.)

वाईट गेमची तिसरी जात ‘बिग रिग्ज’ची. २००३ चा हा ट्रकच्या शर्यतीचा गेम. समोरचा ट्रक हलत नाही, आपला ट्रक घरांतून आरपार जातो आणि मागे जाताना वेगाला मर्यादाच नाही. जिंकल्यावर येणारी शाबासकीही व्याकरणात चुकलेली. गेमस्पॉट या परीक्षणाच्या वेबसाइटने त्याला १० पैकी १ गुण दिला, तो त्यांचा नीचांक. हसून झाल्यावर ध्यानात येतं ते एवढंच की गेममधली भिंत आपोआप भिंत नसते. ती अडवेल, असं कुणीतरी लिहावं लागतं. चांगल्या गेममध्ये हे काम दिसतच नाही, म्हणून परीक्षणातही येत नाही.

मग २०१० चा ‘डेडली प्रेमोनिशन’, एका छोट्या गावातल्या खुनाच्या तपासाचा गेम. आयजीएन या वेबसाइटने १० पैकी २ दिले, डिस्ट्रक्टॉइड या दुसरीने १० पैकी १०. गाडी चालवणं जिकिरीचं, चित्रं जुनाट. पण गावातली माणसं आपापल्या दिनक्रमाने वावरणारी, त्यांच्या मागे मागे हिंडण्याचा नाद लागावा अशी. माझं मत दहाच्या बाजूला झुकतं. तरी दोन देणाऱ्याने नोंदवलेला एकही दोष खोटा नव्हता.

ई.टी.चं एक राहिलं. २०१३ मध्ये एका चाहत्याने त्याचा कोड उलगडला, खड्ड्याची ती तपासणी नेमकी कुठे होते ते शोधलं आणि मोजकेच बाइट बदलले. गेम तोच, यंत्र तेच. ई.टी. आता खड्ड्याच्या काठाने चालत जाऊ शकतो.